महाभियोग आणि मोळी

राज्यव्यवहारातील काही शब्द इतके भारदस्त आहेत की, ते कानी पडताच सामान्य मनुष्य टोपी सावरून उभा राहतो. ‘महाभियोग’ हा त्यांपैकीच एक होय. नुसता ‘अभियोग’ म्हटला तर आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील माणसास कोर्टाची ओसरी, हातातील मळकी पिशवी आणि पुढची तारीख एवढेच आठवते. परंतु त्याच शब्दामागे ‘महा’ लागला की प्रकरण एकदम महायज्ञ, महापूजा, महाप्रसाद यांच्या पंगतीस जाऊन बसते. भेद इतकाच की, महाप्रसादात जमलेल्या सर्वांचे पोट भरते. महाभियोगात कोणाचे भरते, हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून वकिलीचा झगा क्षणभर खुंटीस अडकवून, एका साध्या रयतेच्या दृष्टीने या विधीकडे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम विधीचे स्वरूप पाहू. ‘महाभियोग’ हा शब्द आमच्या राज्यघटनेने वस्तुतः एका राष्ट्रपतीसाठीच, म्हणजे ६१ व्या अनुच्छेदात, राखून ठेवला आहे. न्यायाधीशांविषयीच्या १२४ व्या अनुच्छेदात केवळ ‘पदावरून दूर करणे’ असे साधे शब्द आहेत. लोकांनी मात्र तोच भारी शब्द त्यांसही बहाल केला. या कामी १९६८ चा एक स्वतंत्र चौकशी-कायदा आहे. लोकसभेच्या १०० अथवा राज्यसभेच्या ५० सभासदांनी सही करावी. अध्यक्षांनी किंवा सभापतींनी ती सूचना दाखल करून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश, एक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक नामांकित कायदेपंडित अशा तिघांनी चौकशी करावी. दोष सिद्ध झाला तर दोन्ही सभागृहांत एकूण सभासदसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोनतृतीयांश बहुमत मिळवावे. आणि मग राष्ट्रपतींनी आज्ञा काढावी. इतक्या उंबरठ्यांवरून नवी नवरीसुद्धा सासरी जात नाही!

आता या विधीचा प्रत्यक्ष प्रयोग कसा झाला तो पाहा. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी हे पूर्वी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना, त्यांच्या सरकारी निवासस्थानावर आणि तेथील सामानसुमानावर अवाजवी खर्च झाला, असा मुख्य आक्षेप होता. १९९१ साली लोकसभेच्या १०८ सभासदांनी सूचना दिली. चौकशी-समितीचे प्रमुख आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत, दुसरे सभासद मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई, तिसरे न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी. १४ आरोपांपैकी ११ आरोप समितीने सिद्ध धरले. मे १९९३ मध्ये प्रकरण लोकसभेपुढे आले. अध्यक्षाच्या आसनावर लातूरचे शिवराज पाटील होते. सोमनाथ चॅटर्जी यांनी ठराव मांडला, आणि न्यायमूर्तींच्या वतीने कपिल सिब्बल यांनी सभागृहाच्या कठड्याशी उभे राहून तासन् तास बचाव केला.

आमच्या झाडीपट्टीत सुगी आटोपली की शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके चालतात. थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसलेल्या प्रेक्षकाची एकच माफक अपेक्षा असते की, शेवटच्या अंकात खलपुरुषाचे काय झाले ते कळावे. तो सुटला तरी चालेल, पण सुटला असे कोणीतरी स्पष्ट सांगावे. दिल्लीच्या या नाटकात शेवटचा अंक असा झाला: ठरावाच्या बाजूने १९६ मते, ठरावाच्या विरुद्ध एकही मत नाही, आणि २०५ सभासद तटस्थ! म्हणजे न्यायमूर्ती निर्दोष आहेत असे म्हणणारा त्या सभागृहात एकही निघाला नाही. तथापि ठराव पडला आणि ते फेब्रुवारी १९९४ मध्ये रीतसर सेवानिवृत्त झाले. गावचा एखादा म्हातारा हे ऐकून विचारील, “काढाचंच होतं त काढलं काहून नाही, अन् ठेवाचं होतं त तसं बोलले काहून नाही?” या प्रश्नास उत्तर देण्यासाठी आम्ही घटनेची पाने पुष्कळ चाळली, पण त्याची समजूत पटेल असे उत्तर काही सापडले नाही.

मौन म्हणजे संमती असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. लग्नाच्या बोलणीत मुलगी गप्प राहिली तर होकार समजावा, हा तर जुना जुलूमच होता. पण संमती नक्की कशास, हे न सांगता गप्प राहण्याची ही नवी विद्या लोकप्रतिनिधींनी शोधून काढली. ते सारे सत्ताधारी काँग्रेस पक्षाचे व त्याच्या मित्रपक्षांचे होते, हे येथे सांगणे भाग आहे. आणि उद्या दुसरा पक्ष त्या बाकांवर बसला तर तोही ही विद्या विसरणार नाही, हेही सांगणे भाग आहे.

कोणी म्हणेल, हा दोष आमच्या देशी रक्ताचा. साहेबाच्या घरी असे नसे. त्यांनी वॉरन हेस्टिंग्जचे प्रकरण आठवावे. हा तोच गव्हर्नर-जनरल, ज्याने नागपूरकर मुधोजी भोसल्यांस इंग्रजांविरुद्धच्या युद्धापासून दूर ठेवण्यासाठी थैल्यांची तोंडे मोकळी केली होती. आणि आमचा चांद्याचा मुलूख तेव्हा त्याच भोसल्यांच्या अमलाखाली होता. १३ फेब्रुवारी १७८८ रोजी लंडनमध्ये त्याच्यावर महाभियोगाचा खटला उभा राहिला. एडमंड बर्कची वाणी अशी तापली की ऐकणाऱ्या स्त्रिया मूर्च्छित पडल्याची वर्णने आहेत. तिकिटे काढून लोक खटला पाहावयास आले. पुढे मात्र वर्षे लोटली, उत्साह थंडावला, आणि २३ एप्रिल १७९५ रोजी निकाल लागला तेव्हा मत देण्यास अवघे २९ सरदार उरले होते. हेस्टिंग्ज सर्व आरोपांतून सुटला आणि कंपनीने त्यास वर्षास चार हजार पौंडांचे वेतन बांधून दिले. ज्या रयतेच्या नावाने हा सात वर्षांचा सोहळा झाला, तिच्या पदरी त्यातून एक छदामही पडला नाही.

आणखी जवळचे उदाहरण पुण्याचे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईला, ज्याचे नाव प्रथम मिळाले तो आर्थर क्रॉफर्ड १८८८ साली मध्य विभागाचा कमिशनर होता. मामलतदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या यांसाठी त्याच्या नावाने पैसे घेतले जातात, असा बोभाटा झाला. सरकारने मामलतदारांस अभय दिले की, खरे सांगा, तुमच्या केसास धक्का लागणार नाही. त्यांनी साक्षी दिल्या. कमिशन बसले आणि लाच घेतल्याच्या आरोपांतून क्रॉफर्ड सुटला. आपल्याच विभागातील लोकांकडून कर्जे काढली एवढ्यापुरता तो दोषी ठरून नोकरीस मुकला. त्याच्या वतीने पैसे घेणारा हणमंतराव मात्र शिक्षेस पात्र झाला. आणि मामलतदार? लाच दिल्याची कबुली त्यांच्याच तोंडची. तेव्हा त्यांपैकी काहींची नोकरी गेली. देणाऱ्याने दिली हे सिद्ध, मधल्याने घेतली हे सिद्ध, पण ज्याच्यासाठी घेतली त्याला ती पोचली हे असिद्ध! १८८९ साली लोकमान्य टिळकांनी या मामलतदारांची बाजू हिरिरीने मांडली, ती लाचेचे समर्थन म्हणून नव्हे. सरकारने दिलेला शब्द आणि लहानाने सांगितलेले सत्य यांची किंमत राहावी म्हणून.

आता या वैभवशाली चित्राशेजारी आमच्या अरण्यातील एक साधे चित्र ठेवू. १९२७ चा भारतीय वन कायदा आमच्याकडील प्रत्येक घरास ठाऊक आहे. वाचून नव्हे, सोसून. या कायद्याच्या व्याख्येत मोहाचे फूल हे वनोपज आहे, मग ते रानात सापडो अथवा न सापडो. वनोपज सरकारचे की अन्य कोणाचे असा प्रश्न निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच मानावे, असे ६९ वे कलम सांगते. महिनाभर कैदेस पात्र अशा वनगुन्ह्याचा वाजवी संशय आला तर ६४ व्या कलमान्वये वॉरंटावाचून अटक करता येते. बांबू तर २०१७ पर्यंत कायद्याच्या दृष्टीने गवत नव्हताच, वृक्ष होता! वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, बांबूचा भारा डोक्यावर आणणारा मनुष्य वृक्षतोडीचा आरोपी होत असे.

म्हणजे हिशेब असा झाला. सरकारी बंगल्यातील सामानाविषयी आरोप असेल तर १०८ सह्या, तीन विद्वान, दोन वर्षे, दोन दिवसांची चर्चा, आणि अखेरीस २०५ जणांचे मौन. डोक्यावरील मोळीविषयी आरोप असेल तर एक वनरक्षक, एक पंचनामा आणि कुऱ्हाड जप्त. तेथे प्रत्येक संशयाचा फायदा आरोपीस. येथे पहिले गृहीतकच त्याच्या विरुद्ध. तेथे सभागृहाच्या कठड्याशी निष्णात वकील. येथे नाक्यावर हात जोडून उभी असलेली बायको. उंच झाडास वादळही विचारून स्पर्श करते आणि गवतावर मात्र कोणीही पाय देऊन जातो, असे म्हणण्याची वेळ येते ती यामुळेच.

परंतु येथे विनोद बाजूस ठेवून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. न्यायाधीशाभोवतीचे कुंपण उपटून टाका, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्या देशात मंत्र्याच्या मर्जीने न्यायाधीश सायंकाळपर्यंत घरी बसतो, त्या देशात मोळीवाल्याचा खटला सरकारविरुद्ध ऐकून घेण्यास दुसऱ्या दिवशी कोणी उरत नाही. ते कुंपण मोळीवाल्याच्याच हितासाठी घातलेले आहे. १९५० पासून २०२५ पर्यंतच्या पाऊणशे वर्षांत त्या मार्गाने एकही न्यायाधीश प्रत्यक्ष पदच्युत झाला नाही. कुंपण मजबूत असल्याची ती खूण आहे. मात्र कुंपणाचे फाटक गंजून बसल्याचीही तीच खूण आहे. २०११ साली कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव राज्यसभेने संमत केला तेव्हा फाटक करकरले खरे. पण लोकसभेत मत पडण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला आणि ते पूर्ण उघडण्याचा प्रसंग टळला.

तेव्हा सुधारणा दोन्ही टोकांस हवी. वरच्या टोकास एवढेच पुरे की, प्रत्येक पायरीस मुदत असावी, आणि अशा ठरावाच्या प्रसंगी प्रत्येक सभासदाने पक्षादेशावाचून ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उभे राहून सांगावे. न्यायाधीशाचे काम करावयास बसलेल्या मनुष्यास तटस्थ राहण्याची मुभा कोठली? कोर्टात एखादा न्यायाधीश निकालाच्या दिवशी ‘मी काहीच म्हणत नाही’ असे म्हणून उठून गेला, तर त्याच्यावरच महाभियोग आणावा लागेल!

खालच्या टोकास मागणी याहून साधी आहे. उच्चपदस्थांस जी संरक्षणे आहेत त्यांतील चार तरी मोळीवाल्यास मिळावीत: आरोप त्याच्या भाषेत लेखी मिळावा, मग ती मराठी असो, गोंडी असो वा माडिया, जप्तीपूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे, निकालास मुदत असावी, आणि तो निरपराध आहे या समजुतीपासून आरंभ व्हावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने या दिशेने मोठे पाऊल टाकले आहे. कमी आहे ती अंमलबजावणी.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्याने धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा पाहून यावे. २००९ साली या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी स्वतःच्या बांबूचा वाहतूक-परवाना हाती येण्यास २०११ चा एप्रिल उजाडावा लागला आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांस गावी यावे लागले. त्या गावच्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध उरला तर विषय पुन्हा चर्चेस येतो, आणि गप्प राहणाऱ्यास त्याचे मन विचारले जाते. लोकशाहीचे शिक्षण देण्यासाठी आजवर दिल्लीहून पुष्कळ अधिकारी गडचिरोलीस आले. मतदानाच्या दिवशी तोंड कसे उघडावे एवढा एक धडा शिकण्यासाठी दिल्लीने आपले २०५ सभासद एकदा मेंढ्याच्या सभेत बसवावयास पाहिजे होते. भाड्याचा खर्च आमच्या गावकऱ्यांनी वर्गणी करूनही दिला असता.