बर्फातला कोल्हा

‘चित्रातले आपल्याला काही कळत नाही,’ असे आपण सहज म्हणून जातो. त्यातून चित्र परमुलखातले, बर्फाचे असले तर विचारायलाच नको. सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात हिवाळा म्हणजे पाण्यावरून येणारा बोचरा वारा आणि पहाटेची शेकोटी. बर्फ दिसतो तो रसवंतीवर. तरीही असे एक चित्र आपल्याला वाचता येईल.

विन्स्लो होमर (१८३६-१९१०) या अमेरिकन चित्रकाराने १८९३ मध्ये ‘फॉक्स हंट’ म्हणजे ‘कोल्ह्याची शिकार’ हे चित्र रंगवले. पावणेसहा फूट रुंदीचे हे चित्र आज फिलाडेल्फियाच्या कला अकादमीत आहे. बहुतेक जागा बर्फानेच व्यापलेली. वरच्या कडेला समुद्राची पट्टी. मधोमध तांबडा कोल्हा, आपल्या माळावरच्या खोकडाचा भाऊबंद. पाय बर्फात रुतताहेत आणि डोक्यावर काळेभोर कावळे झेपावताहेत.

नाव शिकारीचे, पण बंदूक नाही, घोडे नाहीत, कुत्री नाहीत. मग शिकारी कोण? कावळे! गोष्टींतला कोल्हा नेहमी धूर्त असतो, कावळ्यालाही फसवतो. इथे ती धूर्तता कामाची नाही. पाऊलच उचलत नाही, तिथे अक्कल काय करणार?

कावळ्यांना दुष्ट ठरवण्याचीही घाई नको. सगळे खाद्य बर्फाखाली गाडले गेले, की उपाशी कावळे टोळीने थकलेल्या कोल्ह्यावर तुटून पडतात. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपला दुष्काळ मातकट होता, हा पांढरा आहे. दोन्ही बाजूंना भूकच आहे. म्हणून हे चित्र चांगल्या-वाईटाचे नाही, जगण्याच्या ओढाताणीचे आहे.

होमरने मेलेले कावळे समोर ठेवून आधी पक्षी रंगवले होते. जवळच्या रेल्वे स्टेशनवरच्या माणसाने ते पाहून ‘हे कावळे नव्हेत’ असे सांगितले. होमरने ते पुसले, मक्याचे दाणे टाकून जिवंत कावळे जमवले आणि पुन्हा रंगवले, असे सांगतात. म्हणजे चित्र पारखायला पदवी लागत नाही. कावळा नीट पाहिलेला असावा लागतो.

डाव्या कोपऱ्यात चित्रकाराची सही आहे. तिची अक्षरेही बर्फात अर्धवट रुतलेली दाखवली आहेत. होमर काठावर उभा राहून गंमत पाहत नाही, तो कोल्ह्याच्याच बर्फात उतरला आहे. कोल्हा सुटला की नाही, हे मात्र त्याने सांगितलेले नाही. समोर आहे ते एवढेच, की तो अजून चालतो आहे.