तहान उन्हाची की शुगरची?

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा 45 अंशांना टेकतो. अशा दिवसांत अब्बांना सारखी तहान लागली तर घरात कोण शंका घेणार? म्हणून लघवीकडे लक्ष द्या. उन्हाने अंगातले पाणी घटले की लघवी कमी व गडद पिवळी होते. शुगर वाढली असेल तर तहानही लागते आणि लघवीही भरपूर होते. रात्री तीन-चारदा उठावे लागते. रक्तातील साखर साधारण 180च्या वर गेली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकतात, सोबत पाणीही जाते.

थकवा, धूसर दिसणे, खाऊनपिऊन वजन उतरणे, पायाची जखम न भरणे हीसुद्धा लक्षणेच. जांगेतली खाज तर आपल्या स्त्रिया लाजेने सांगतच नाहीत. अनेकांना काहीच जाणवत नाही. तिशीनंतर तपासणी हवीच, सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते. उपाशीपोटी 126 किंवा अधिक आल्यास डॉक्टरांना दाखवा.

बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही. आकडा 300च्या वर किंवा 70च्या खाली गेला तर रोजा लगेच सोडावा, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. उलट्या, पोटदुखी, धाप असेल तर मगरिबची वाट न पाहता दवाखाना गाठा.