अंधारातला व्हिडिओ धूसर का येतो, आणि किती सुधारतो

सध्या बऱ्याच गटांनी गावातल्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर घ्यायला सुरुवात केली आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. तरी आपल्या वाडीतल्या आजींच्या ओव्या त्यात असतीलच असं नाही. आजी ऐंशीच्या पुढच्या, आणि गाणार त्या पहाटे, माजघरात, एका बल्बखाली. व्हिडिओ उघडावा तर तोंड पुसट, हाताच्या जागी पांढरा फराटा, आणि सगळीकडे मुंग्या फिरल्यासारखे ठिपके. 'ॲपने साफ होईल का हो?' असं मग आम्हाला विचारतात. थोडं होतं, सगळं नाही.

मोबाईल एका सेकंदात साधारण 30 चित्रं टिपतो आणि भराभर दाखवतो, तोच व्हिडिओ. उजेड कमी असला की प्रत्येक चित्रासाठी तो जास्त वेळ घेतो. तेवढ्यात हात हलला, मग तो आजींचा असो की मोबाईल धरणारीचा, की फराटा उमटतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर मोबाईल आलेला क्षीण उजेड वाढवून दाखवतो. रेडिओचा आवाज मोठा केला की खरखरही मोठी होते ना, तसंच. ते ठिपके म्हणजे चित्रातली खरखर. शिवाय अंधारात फोकस चुकतो आणि आजींऐवजी मागची उतरंड स्पष्ट दिसते. आणि कधी कधी यातलं काहीच नसतं, कॅमेऱ्याच्या काचेला पिठाचा नाहीतर तेलाचा हात लागलेला असतो!

यातली खरखर बरीच कमी करता येते. ठिपके दर चित्रात जागा बदलतात, आजींचं नाक जागच्या जागी राहतं. व्हिडिओ सुधारणारी ॲप लागोपाठची चित्रं ताडून ठिपके ओळखतात. ॲपमध्ये याला 'डिनॉईज' म्हणतात. हे आधी करा, उजेड मागून वाढवा, नाहीतर ठिपकेही उजळतात. आणि बेताने करा, जास्त केलं की चेहरा मेणाचा दिसतो.

फराटा आणि चुकलेला फोकस मात्र जवळजवळ सुधारत नाही. जे टिपलंच गेलं नाही ते आणणार कुठून? 'शार्पन' केलं की कडा गडद होतात, एवढंच. एआयची काही ॲप चेहरा लख्ख करून देतात, पण तो अंदाजाने रंगवलेला असतो. कपाळावरचं गोंदण जातं, सुरकुत्या जातात, आणि नातवंडं विचारतात, ही कोण? आम्हाला तरी त्यापेक्षा धूसर आजी बऱ्या वाटतात. म्हणून मूळ व्हिडिओ कधी पुसू नका, सुधारणा त्याच्या प्रतीवर करा. ग्रामसभेचा किंवा तक्रारीसाठी घेतलेला व्हिडिओ असेल तर मूळ तसाच्या तसा जपायला हवा.

खरी मेहनत घेतानाच करायची. आजींना दारापाशी बसवता आलं आणि उजाडेपर्यंत थांबता आलं तर निम्मं काम झालं. नाहीच जमलं तर बल्ब त्यांच्या पाठीमागे नको, समोरून थोडा बाजूला हवा. दुसऱ्या मोबाईलची बॅटरी तोंडावर मारू नका, त्या डोळे मिटून घेतात. चुना दिलेल्या भिंतीवर मारा, तिथून मऊ उजेड परततो. मोबाईल हातात न धरता धान्याच्या डब्यावर टेकवा. सेल्फीचा नको, मागचा मुख्य कॅमेरा वापरा. झूम करू नका, डबाच पुढे सरकवा. सेटिंगमध्ये 60 असेल तर 30 करा. पडद्यावर आजींच्या चेहऱ्यावर बोट दाबून ठेवलं की बहुतेक मोबाईलमध्ये फोकस तिथेच थांबतो. जातं फिरवणारा हात थोडा पुसट येईल, येऊ द्या.

आणि चित्र बिघडलं म्हणून व्हिडिओ डिलीट करू नका. अंधाराने आवाज बिघडत नाही, ओवी शाबूत असते. गटात पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ टाकला की तो दाबून लहान होतो आणि आणखी धूसर दिसतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि आजींना विचारून त्यांचं नाव, गाव, तारीख सोबत लिहा.