आधी विचारा, मग भरवा

ताटातील भाजी आधी खावी की भात, हे आपण कोणास विचारीत नाही. हात आपला, घास आपला. परंतु ज्याचे हात उचलत नाहीत, त्यास दुसऱ्याच्या हातून येईल तो घास, येईल त्या वेळी घ्यावा लागतो. पोट भरते, निवड मात्र त्याची राहत नाही.

आपल्याच गोव्यात, फोंडा तालुक्यातील बेतोडा गावच्या बिपिन कदम या रोजंदारी कामगाराच्या घरी हाच प्रश्न उभा राहिला. त्यांच्या दिव्यांग कन्येस आई भरवीत असे. पुढे आईच अंथरुणास खिळली आणि काम सोडून मुलीस भरविण्यासाठी पित्यास घरी यावे लागू लागले. मुलीस वेळेवर आणि कोणावर अवलंबून न राहता जेवता यावे, असा पत्नीचा आग्रह होता. तंत्रविद्येचे शिक्षण नसलेल्या या गृहस्थाने दिवसभराच्या कष्टांनंतर इंटरनेटवर अभ्यास केला आणि सुमारे चार महिन्यांत एक यंत्र सिद्ध केले. त्यास नाव दिले ‘माँ रोबोट’. २०२२ साली ही वार्ता देशभर पोहोचली. गोवा राज्य इनोव्हेशन कौन्सिलने त्यांचा गौरव करून आर्थिक साहाय्यही दिले.

या यंत्राचे मर्म कशात आहे? ते भरविते, एवढ्यातच नव्हे. ताट यंत्राचाच एक भाग असून, भाजी हवी की डाळभात, हे मुलगी तोंडाने सांगते आणि यंत्र तोच घास तिच्या मुखाशी नेते. आज्ञा तिची, पालन यंत्राचे.

वाचकहो, असे यंत्र घरोघरी नसेल. परंतु आज्ञा ऐकणारे दुसरे एक साधन बहुतेकांच्या खिशात आहे. अँड्रॉइड मोबाईलमध्ये बहुधा ‘टॉकबॅक’ नावाची सोय असते. ती चालू केल्यावर पडद्यावर बोट फिरवावे, म्हणजे बोटाखाली जे असेल त्याचे नाव फोन उच्चारतो. हवे ते सापडले की दोनदा टिचकी द्यावी. मराठी मजकूरही तो वाचतो. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ नावाची अशीच प्रणाली विनामूल्य मिळते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली तिचा आरंभ केला. जेम्स टेह हे त्यांचे मित्रही अंधच. ज्यांस अडचण ठाऊक, त्यांनीच उपाय शोधला.

आता आपल्याकडे वळू. पेडणे-डिचोलीच्या गावांतून लग्नाचे आमंत्रण, मंडळाची सूचना, मृत्यूची वार्ता हल्ली मोबाईलवरच येते, आणि तीही पुष्कळदा चित्राच्या रूपाने. चित्रातील अक्षरे फोनला नीट वाचता येतीलच असे नाही. मग सर्व गावास कळलेली गोष्ट दृष्टी गेलेल्या आजोबांस मात्र कळत नाही. चित्राखाली तोच मजकूर दोन ओळींत लिहून पाठविण्यास कितीसा वेळ लागतो?

२०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांचा ‘पर्पल फेस्ट’ हा महोत्सवही प्रथम भरला. ही मोठी पावले होत. तथापि कायदा आपल्या माजघरात येऊन बसत नाही. तेथे आपणच असतो, आणि पुष्कळदा प्रेमाच्या भरात आपण दिव्यांग भावंडाच्या वतीने सर्व काही ठरवून टाकतो: काय खावे, कोठे बसावे, फेस्ताला यावे की घरीच राहावे.

म्हणून या आठवड्यात एवढेच करावे. घरातील अशा व्यक्तीजवळ बसून, “तुम्हांस स्वतः काय करावेसे वाटते?” असे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे. फोन ऐकविणे, उंबऱ्याशी फळी टाकणे, चॅपेलच्या पायऱ्यांना कठडा लावणे, जे सांगतील त्यापासून आरंभ करावा. बेतोड्याच्या त्या यंत्रास जे जमते, ते आपणां माणसांस जमू नये काय?