'ढ' कोणास म्हणावे? : बालविकास आणि सामाजिक परिवेश

अनेक वर्षांपूर्वी ऊसतोड कामगाराचा एक मुलगा आमच्या वर्गात होता. फळ्यावरील गुणाकार त्याला जमत नसे, म्हणून आम्ही त्याची गणना 'ढ' मुलांत करून टाकली. हंगाम संपल्यावर त्याचे वडील भेटावयास आले. मुकादमाकडून घेतलेली उचल, तोडलेल्या उसाचे टन, टनाचा दर आणि फिटावयाची बाकी हा सारा हिशेब तो मुलगा व्हरांड्यात बसून वडिलांना तोंडी समजावून देत होता. आम्ही कागदावर ताडून पाहिले. हिशेब अचूक होता. चुकले होते ते आमचे निदान.

मुलाची बुद्धी जन्मतःच ठरलेली असते, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. जन्मावरून योग्यता ठरविणाऱ्या व्यवस्थेला तिचाच आधार होता. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी वेगळा विचार मांडला. त्यांच्या मते भाषा, स्मरण, तर्क या उच्च मानसिक क्षमता प्रथम माणसामाणसांच्या व्यवहारात आकारास येतात आणि नंतर मुलाच्या अंतरंगात रुजतात.

त्यांचे सहकारी अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१ व १९३२ साली उझबेकिस्तानातील ग्रामस्थांचा अभ्यास केला. दूर उत्तरेस, जेथे बर्फ असते, तेथील सर्व अस्वले पांढरी असतात. अमुक ठिकाण उत्तरेस असून तेथे बर्फ असते. तर तेथील अस्वले कोणत्या रंगाची, असा त्यांचा प्रश्न होता. शाळेचे तोंड न पाहिलेले अनेक शेतकरी म्हणत, आम्ही तिकडे गेलो नाही, जो गेला असेल त्यास विचारा. थोडेफार शिकलेले लोक मात्र सहज उत्तर देत. लुरियांनी यातून शालेय शिक्षणाचा विचारपद्धतीवर होणारा परिणाम दाखविला. परंतु अशिक्षितांचे उत्तर निर्बुद्धपणाचे होते असे आम्हांस वाटत नाही. जे पाहिले नाही त्याविषयी खात्रीने बोलू नये, ही सचोटी त्यांच्या जगण्यातूनच आली होती.

ब्राझीलमधील रेसिफे शहरातील अभ्यास आमच्या त्या विद्यार्थ्याची आठवण करून देतो. तेरेझिन्हा नुनेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली तो प्रसिद्ध केला. बाजारात माल विकणारी ९ ते १५ वर्षांची पाच मुले त्यांनी निवडली. गिऱ्हाईक होऊन विचारलेल्या हिशेबांपैकी सुमारे ९८ टक्के हिशेब मुलांनी बरोबर केले. तशीच आकडेमोड केवळ अंकांत विचारली, तेव्हा हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. मुले तीच होती, बुद्धीही तीच होती. बदलला होता तो संदर्भ.

संदर्भ मुलास घडवितो, तसाच तो त्याचे खच्चीकरणही करतो. कार्ला हॉफ व प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवावयास दिले. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दलित व सवर्ण मुलांच्या यशात लक्षणीय फरक आढळला नाही. सर्वांसमोर नाव, गाव आणि जात उच्चारताच दलित मुलांची कामगिरी ढासळली. एक शब्द उच्चारल्याने बुद्धी कमी होत नाही. पण आपले मोजमाप न्याय्य होईल हा मुलाचा विश्वास डळमळतो आणि हात थबकतो.

बाबासाहेबांनी हे बालपणी सोसले होते. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. शिपायाने नळ उघडल्याविना पाणीही मिळत नसे. म्हणूनच १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढील वर्षी सोलापुरास वसतिगृह काढले, ही बाब आम्हांस अर्थपूर्ण वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र राहण्या-जेवण्याची सोय केली, त्यामागेही हीच दृष्टी होती. मुलास केवळ पुस्तक देऊन भागत नाही. त्याच्या भोवतीचे जगही बदलावे लागते.

मात्र निवासी शाळेनेही सावध असले पाहिजे. मुलाच्या घरची बोली, आईवडिलांचे श्रम आणि त्याने फडावर मिळविलेले ज्ञान यांस आम्ही कमी लेखले, तर नवे गोणपाट अंथरणारे आम्हीच ठरू. शुद्ध भाषा शिकवावयाची, पण बोलीची थट्टा होऊ द्यावयाची नाही. सूत्र शिकवावयाचे, पण त्याची सुरुवात टन आणि उचलीपासून करावयाची, हा धडा आम्ही उशिरा शिकलो.

पालकांस आमची विनंती आहे की, गुणपत्रक पाहण्यापूर्वी मुलास घरचा एखादा हिशेब विचारावा. माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत येऊन येथील मुलांशी बोलावे. आपल्यासारख्याच घरातील माणूस पुढे गेलेला पाहणे, हाही शिक्षणाचाच भाग होय.

तो मुलगा पुढच्या हंगामात आईवडिलांबरोबर फडावर गेला, तो परत आला नाही. त्याला थांबवील असा एक शब्द आमच्यापाशी होता. तो आम्ही वेळेवर उच्चारला नाही. तेव्हापासून 'ढ' हे अक्षर आम्ही केवळ मुळाक्षरांतच शिकवितो.