साडेचार मीटरची लाट

पावसाळ्यात मुंबईत एक बातमी ठरलेली असते: उद्या समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार! मग मरीन ड्राइव्हवर बघ्यांची झुंबड. पण तो आकडा लाटेचा नसतोच. मोठ्यात मोठ्या ओहोटीला पाणी जिथवर उतरतं, साधारण त्या पातळीपासून भरतीचं पाणी किती चढेल, हे तो सांगतो. म्हणून तर वर्षभराचं वेळापत्रक आधीच छापता येतं. लाटा उठतात वाऱ्याने, आणि वाऱ्याचं वेळापत्रक कोण छापणार? खरी भीती निराळी आहे. मोठ्या भरतीत शहरातल्या अनेक नाल्यांची तोंडं बुडतात. नेमका तेव्हाच मुसळधार पाऊस कोसळला, तर त्या पाण्याला समुद्रात जायला वाटच उरत नाही.

उधाण पौर्णिमेचंच, हाही असाच एक समज. अवसेलाही उधाण येतंच, कारण दोन्ही वेळा सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत असतात. अष्टमीच्या सुमारास सूर्य-चंद्राची ओढ काटकोनात पडते आणि पाणी कमी चढतं. किनाऱ्यावरची माणसं त्याला भांग म्हणतात.

आता सगळ्यात चिवट गैरसमज: चंद्र पाणी वर खेचतो. तसं असतं तर भरती दिवसातून एकदाच आली असती. आपल्याकडे ती साधारण साडेबारा तासांनी पुन्हा येते. चंद्राच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा थोडं जास्त ओढलं जातं, पलीकडच्या बाजूचं थोडं कमी. त्यामुळे दोन्हीकडे फुगवटा येतो. भरती ओढीची नसून ओढीतल्या फरकाची आहे. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या पावणेदोनशे पट जोराने ओढतो, पण तो इतका लांब आहे की पृथ्वीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याची ओढ फारशी बदलत नाही. म्हणून भरतीतला त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. पौर्णिमेला अंगातल्या पाण्यालाही भरती येते असं सांगणाऱ्यांनी हिशेब करावा: जिथे तळ्यालाही दिसेल अशी भरती येत नाही, तिथे पाच-सहा फुटी माणसाची काय कथा!

वेळेसाठी कोकणातला जुना हिशेब आजही चालतो. तिथीची पाऊणपट करा: चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, तेच इथे पाऊण तासात बसवलं आहे.

मात्र हा हिशेब उंची सांगत नाही. तिच्यावर किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली यांचं राज्य चालतं. गोव्यात उधाणालाही पाण्याचा चढउतार सुमारे दोन मीटरचा. खंबातच्या आखातात, भावनगरला, दहा मीटरच्या आसपास. हे आखात आत अरुंद आणि उथळ होत जातं, त्यामुळे शिरलेल्या पाण्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. भावनगर बंदरात तर ओहोटीला जहाजं तरंगती राहावीत म्हणून दरवाजा घालून पाणी अडवावं लागलं.