पानातला हिरवेपणा आणि आपल्या ताटातले मॅग्नेशियम



सौंदड गटात उसाच्या पाहणीला गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, पान पिवळं पडलं, हिराकस मारू काय?" आमचे उत्तरही ठरलेले. आधी कोणते पान ते पाहा. शेंड्याचे कोवळे पान पिवळे-पांढरे पडले असेल तर तो केवडा, म्हणजे लोहाची उणीव. तिथे हिराकस चालेल. पण खालची जुनी पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडून त्यांवर गंजासारखे तांबूस ठिपके आले असतील, तर संशय मॅग्नेशियमवर घ्यावा. हे द्रव्य कमी पडले की झाड ते म्हाताऱ्या पानातून काढून नव्या पानाला देते. आपल्याकडच्या हलक्या, धुपणाऱ्या जमिनीत हे घडते. पोटॅश मन मानेल तसे टाकले, तरीही घडते. माती तपासून मॅग्नेशियम सल्फेट द्यावे, अंदाजाने नको.

उसाची गोष्ट इथे पुरे. आज सांगायचे आहे ते माणसाविषयी. पानाच्या हरितद्रव्याच्या प्रत्येक कणाच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो, आणि तेच मॅग्नेशियम आपल्या हाडामांसातही आहे. मोठ्या माणसाच्या अंगात ते सुमारे २५ ग्रॅम भरते. त्यातले निम्म्याहून जास्त हाडांत, बाकी बहुतेक स्नायूंत व इतर अवयवांत. रक्तात शंभरातला एक भागही नाही. म्हणून रक्ताचा रिपोर्ट बरोबर आला तरी अंगात साठा भरपूर आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. खाल्लेल्या अन्नातून शक्ती तयार होणे, स्नायू आवळून पुन्हा सैल होणे, हृदयाचा ठोका नियमित पडणे, ही सारी कामे त्यावाचून अडतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला रोज ४४० व बाईला ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम पोटात जायला हवे. आता आपले ताट पाहू. ऊस आपल्याकडे पाहुणा, घरधनी धानच. पॉलिश केलेल्या १०० ग्रॅम तांदळात मॅग्नेशियम २० मिलिग्रॅमच्या आतबाहेर असते. बिनपॉलिशच्या तांदळात ९० च्या वर. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या गड्याला पांढऱ्या भातातून ८० मिळतात, बिनपॉलिशच्या भातातून साडेतीनशेच्या वर. मधला फरक गेला कुठे? कोंड्यात. तो कोंडा आपण गुरांपुढे टाकतो किंवा तेलाच्या कारखान्याला विकतो. बांधीत राबलो आपण, सत्त्व खाल्ले बैलाने! उखळ-मुसळाचा जमाना परत आणा असे आम्ही म्हणत नाही, घरच्या बाया आम्हाला उभे करणार नाहीत. पण घरच्या खाण्यापुरते धान राईस मिलवर नेताना "एकच हात द्या, जास्त पॉलिश नको" एवढे सांगायला काही पैसे पडत नाहीत. आणि भाताची पेज फेकू नका, त्यातही क्षार जातात.

जे धानाचे तेच उसाचे. रसात मॅग्नेशियम असते. कारखान्यात चुना देऊन रस निवळतो, पाक आटतो, साखरेचा दाणा वेगळा होतो, आणि क्षार मोलॅसिसमध्ये व प्रेसमडमध्ये राहतात. पांढऱ्या साखरेत मॅग्नेशियम जवळजवळ शून्य. कारखान्याच्याच अंकात हे छापले म्हणून कोणी रागावू नये. साखर ही गोडीसाठी आहे, तिच्याकडून दुसरी अपेक्षाच ठेवू नये. गुळात १०० ग्रॅममागे सव्वाशेच्या आत-बाहेर सापडते. पण दिवसाला गूळ खाणार किती? २५ ग्रॅम खाल्ला तर ३० मिलिग्रॅम पदरात पडतात. मधुमेह असलेल्याला तर गूळ आणि साखर सारखेच. तेव्हा गूळ औषध म्हणून खाऊ नये, आवड म्हणून खावा.

खरी भर पडते ती दुसरीकडून. ज्वारी, बाजरी, नाचणी, हरभरा यांत १०० ग्रॅमला सव्वाशेच्या आसपास वा अधिक. तीळ आणि जवस यांत तीनशेच्या वर. धानाच्या बांधीत उतेरा म्हणून जवस टाकणारे आपल्यात अजून आहेत; सगळा बाजारात न नेता वर्षाची चटणी घरी ठेवावी. पावसाळ्यात तरोटा, चवळई, शेवग्याचा पाला आहेच. हिरवे पान म्हटले की त्यात मॅग्नेशियम आलेच.

पायात गोळे येतात म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्या घेणारे काही सभासद भेटले. आम्ही डॉक्टर नव्हे, पण वाचलेले सांगतो. साध्या गोळ्यांवर त्यांचा फारसा उपयोग तपासण्यांत दिसलेला नाही. खरी उणीव बहुधा जुनाट जुलाब, दारू, ताब्यात नसलेला मधुमेह यांतून येते. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे चालू ठेवल्यानेही येते. अशांनी डॉक्टरांना विचारावे. ज्यांची किडनी बिघडली आहे त्यांनी मनाने ही गोळी घेऊच नये. अंगात साचून ती जिवावर बेतू शकते.

एक बाब मात्र प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. गरोदर बाईचा रक्तदाब वाढून झटके येतात, आणि त्यात आई व बाळ दोघेही दगावू शकतात. यावर जगभर वापरले जाणारे औषध मॅग्नेशियम सल्फेट हेच आहे. आपण उसाला देतो तेच द्रव्य, पण इंजेक्शनसाठी शुद्ध केलेले. ३३ देशांतील सुमारे १०,००० गरोदर बायांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झटक्यांचा धोका त्याने निम्म्याहून कमी झाला. आपल्याकडच्या बायांची अंगकाठी लहान, म्हणून कमी मात्रेचा प्रयोग सोलापुरात डॉ. सरदेसाई व सहकाऱ्यांनी केला. सातव्या-आठव्या महिन्यात डोके सारखे दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर व हातांवर सूज दिसली तर "बाळंतपणाचंच आहे" म्हणून बसू नका. त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिला डोस देण्याची मुभा शासनाने उपकेंद्राच्या परिचारिकेलाही दिली आहे. गाडी गोंदियाकडे काढण्याआधी आशाताईला फोन करून त्याबद्दल विचारावे.